ल्युपसबद्दल सांगायचं, पण कोणाला आणि काय?

प्रश्न मुंबईतल्या करी रोडच्या एका महिला मंडळाच्या कार्यकर्तीचा आहे. मंडळातल्या एका बाईंच्या मुलीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, आहे हे कळायला दीड वर्ष गेलं आणि तोवर किडनीला सूज आली होती. असं दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून मंडळाला 10 मे रोजी, जागतिक ल्युपस दिनाला, जांभळे टी-शर्ट घालून फेरी काढायची आहे, बायकांसाठी मोफत रक्ततपासणीचं शिबिर घ्यायचं आहे आणि डॉक्टरांचं एक व्याख्यान ठेवायचं आहे. यात काय ठेवावं आणि काय गाळावं, असं त्या विचारतात.

ताई, सगळ्यात आधी शिबिर गाळा.

ल्युपसच्या संशयात पहिली रक्ततपासणी होते ती एएनएची. आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं ती शोधते. ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते, त्यामुळे निगेटिव्ह आली तर ल्युपस नसावा असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. पॉझिटिव्हचा अर्थ मात्र इतका सरळ नाही. 1:80 या पातळीला, म्हणजे रक्तद्रव ऐंशी पट पातळ करून पाहिला तरी, धडधाकट माणसांतही शंभरात दहा-तेरा जणांची एएनए पॉझिटिव्ह येते. आता तुमच्या शिबिराचा हिशेब मांडा. हजार बायका आल्या तर शंभराहून अधिक जणींच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट पडेल. ल्युपसचं प्रमाण देशोदेशीच्या पाहण्यांत लाखात तीन-चारपासून शे-सव्वाशेपर्यंत येतं. वरचा आकडा धरला आणि बायकांत तो जास्त असतो हेही धरलं, तरी हजार जणींत ल्युपसची रुग्ण एखाद-दुसरी निघेल, कदाचित एकही नाही. उरलेल्या शंभर जणी रात्रभर मोबाइलवर शोधत बसतील. माझ्या ओपीडीत अशा मुली नेहमी येतात. केस गळतात म्हणून कुठल्या तरी लॅबचं पॅकेज केलेलं असतं, त्यात एएनए असते, आणि सोबत आलेली आई रडून रडून थकलेली असते. तपासून, बोलून, ‘तुला ल्युपस नाही’ असं सांगून पाठवायला अर्धा तास जातो. तेवढ्यात बाहेर बसलेली खरी ल्युपसची पेशंट ताटकळते.

2019 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ल्युपसचे जे निकष ठरवले, त्यांतही एएनए फक्त प्रवेशापुरती आहे. पुढे ताप, पुरळ, सांधे, रक्तपेशी, किडनी, विशिष्ट प्रतिपिंडं अशा प्रत्येकाला गुण आहेत आणि बेरीज किमान 10 व्हावी लागते. म्हणजे आधी लक्षण, मग तपासणी. तुमच्या कार्यक्रमाचा क्रमही हाच असू द्या.

आजाराविषयी थोडक्यात. रोगजंतूंशी लढणारी यंत्रणा ल्युपसमध्ये आपल्याच पेशींवर उलटते आणि कातडी, सांधे, रक्त, किडनी, फुप्फुसांचं आणि हृदयाचं आवरण, मेंदू यांपैकी कशालाही सूज आणते. दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, आणि त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या. पुरुषांना आणि लहान मुलांनाही होतो. संसर्गजन्य नाही. कर्करोग नाही. एकाच घरात दोघांना होऊ शकतो, पण आईला आहे म्हणून मुलीला होणारच असं नाही. 1950 च्या दशकात निदानानंतर पाच वर्षं जगणारे रुग्ण निम्मेच असत. आज चांगले उपचार मिळाले तर ते शंभरात नव्वदाहून जास्त आहेत. कॉलेजातल्या मुलींनी हे नाव ऐकलेलं असतं ते सेलेना गोमेझमुळे. तिने 2015 मध्ये आपला ल्युपस जाहीर केला आणि 2017 मध्ये तिची किडनी बदलावी लागली.

नाव ऐकलेलं असणं आणि वेळेवर डॉक्टरकडे पोचणं यांत बरंच अंतर आहे. तुमच्या मंडळातल्या त्या मुलीच्या घरी कोणी ल्युपस हा शब्द ऐकलेला असता तरी दीड वर्ष वाचलं असतं असं मला वाटत नाही. मुंबईत हा आजार लपायला जागा भरपूर आहेत, आणि बोलायचं ते त्या जागांबद्दल.

पहिली जागा पावसाळा. जुलै ते ऑक्टोबर या शहरात ताप म्हटला की डॉक्टर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो बघणार, आणि ते बरोबरच आहे. डेंग्यूत प्लेटलेट पडतात, अंग मोडून येतं, पुरळ उठतं. ल्युपसमध्येही हे तिन्ही होऊ शकतं. फरक दिवसांचा आहे. डेंग्यूतल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर आठवडाभरात सावरायला लागतात. महिना उलटला तरी प्लेटलेट कमीच, पांढऱ्या पेशीही कमी, कणकण येतेय-जातेय, सकाळी बोटं आखडतात, असं असेल तर ‘अहो, व्हायरलचा अशक्तपणा आहे’ यावर थांबायचं नाही. चिकनगुनियाने घोळ आणखी वाढतो, कारण त्यातली सांधेदुखी खरोखरच महिनोन्‌महिने रेंगाळते.

दुसरी जागा टीबी. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, मानेत गाठी, छातीत पाणी, हे ऐकलं की मुंबईतला कुठलाही डॉक्टर आधी टीबी म्हणेल, आणि बहुतेक वेळा तो टीबीच असतो. पण जंतू कुठेच सापडलेला नाही, औषधं अंदाजाने सुरू केलीत, दोन महिने झाले आणि काहीच फरक नाही, अशा वेळी त्याच डॉक्टरांना ‘दुसरं काही असेल का?’ असं विचारायला हरकत नसते. मनाने टीबीची गोळी बंद करायची नाही, हे तिथल्या तिथे सांगा. उलट बाजूही आहे. ल्युपसच्या ज्या रुग्णाला स्टेरॉइड चालू आहेत तिला नवा ताप आला तर तो ल्युपसचाच आहे असं घरच्यांनी ठरवू नये. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो.

तिसरी जागा गाल. ल्युपसचं गालावरचं पुरळ नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर पसरतं, उन्हात गेलं की वाढतं, पण नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी उतरते ती बहुधा मोकळी सोडतं. आपल्याकडे गालावर काही उठलं की त्याला वांग म्हणतात. वांग तपकिरी असतो, सपाट असतो, जळजळत नाही. ल्युपसचं पुरळ लालसर, थोडं उचललेलं, कधी चुरचुरणारं असतं. गोऱ्या कातडीवर ते लालभडक दिसतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते गडद, जांभळट-तपकिरी दिसतं आणि सहज निसटतं. इंटरनेटवरची बहुतेक छायाचित्रं गोऱ्या चेहऱ्यांची आहेत. तुमच्या पत्रकावर तसला फोटो छापलात तर करी रोडच्या मुलीला त्यात स्वतःचा गाल दिसणार नाही. कातडीच्या डॉक्टरांकडून, रुग्णाच्या लेखी परवानगीने, आपल्या रंगाच्या चेहऱ्याचा फोटो मिळवा. नाहीच मिळाला तर चित्रकाराकडून काढून घ्या.

याच गालांमुळे, कोणाला सांगायचं याच्या माझ्या यादीत ब्यूटी पार्लरवाल्या ताई आणि केमिस्ट डॉक्टरांच्याही आधी येतात. डाग आला की मुलगी आधी पार्लरमध्ये जाते, तिथून केमिस्टकडे, आणि एक ट्यूब घेऊन घरी येते. गोरं करणाऱ्या म्हणून ज्या मिश्र ट्यूब खपतात त्यांत स्टेरॉइड असतं. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. पुरळ महिनाभर फिकं पडतं, आत आजार चालू राहतो, आणि डॉक्टरला दाखवायची खूणच पुसलेली असते. तुमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्यांना आणि केमिस्टना अर्ध्या तासासाठी बोलवा, चहा पाजा, आणि एकच गोष्ट सांगा: गालावर डाग, सोबत सांधे दुखतात किंवा तोंड येतं किंवा केसांचे पुंजके गळतात, तर ट्यूब न देता डॉक्टरकडे धाडा. हजार माणसांच्या फेरीपेक्षा मला या वीस माणसांचा भरवसा जास्त वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लघवी.

ल्युपसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत कधी ना कधी किडनीला सूज येते, आणि ती दुखत नाही. सांधा दुखतो म्हणून मुलगी डॉक्टरकडे जाते, किडनीसाठी ती कधीच आपणहून जाणार नाही, कारण तिला काही जाणवतच नाही. जाणवतं ते उशिरा: सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ, लघवीला पाणी टाकलं तरी न जाणारा फेस. पंचवीस वर्षांच्या मुलीचं बीपी 150 आलं तर ‘टेन्शन घेते’ म्हणून सोडून देतात. त्या वयात बीपी वाढलं की आधी किडनीकडे बघायचं असतं.

यासाठी लागणारी तपासणी शहरातल्या सर्वात साध्या तपासण्यांपैकी आहे. लघवीची रुटीन तपासणी, खाजगी लॅबमध्येही शंभर-दोनशे रुपयांत होते. त्यात प्रथिनं किंवा लाल पेशी दिसल्या तर पुढे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात, ते 0.5 च्या वर राहिलं तर किडनीचा तुकडा तपासायचा का, हे डॉक्टर ठरवतात. ज्यांचं ल्युपसचं निदान झालेलं आहे त्यांनी बरं वाटत असलं तरी दर तीन महिन्यांनी लघवी तपासावी. आणि निदान न झालेल्या मुलीचे सांधे सहा आठवड्यांहून जास्त दुखत असतील, सोबत ताप, तोंड येणं, उन्हात पुरळ यांतलं काही असेल, तर फॅमिली डॉक्टरला एवढंच म्हणावं, ‘डॉक्टर, सीबीसी आणि लघवी करून घेऊया का?’ रक्तपेशी मोजणारी सीबीसी आणि लघवी, या दोन तपासण्यांत गडबड दिसली की पुढचा रस्ता त्यांना माहीत असतो. केईएम, सायन, नायर, जेजे ही सगळी सरकारी आणि पालिकेची मोठी रुग्णालयं तुमच्या भागापासून फार लांब नाहीत. तिथे जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यायला सांगा. अर्धं निदान त्या फाइलमध्ये असतं.

बायकांना लघवीबद्दल माइकवर बोलायला संकोच वाटेल. वाटू दे, पण बोला. व्याख्यानात डॉक्टरांनी रोगप्रतिकारशास्त्राच्या स्लाइड लावल्या तर त्यांना नम्रपणे सांगा की स्लाइड पाच मिनिटं, लघवी वीस मिनिटं.

एक वाक्य पत्रकावर अजिबात नको: ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. आपल्याकडे आजार म्हटला की प्रतिकारशक्ती कमी पडली असं धरतात, आणि कोरोनानंतर तर घराघरात काढे उकळायला लागले. ल्युपसमध्ये ती शक्ती चुकीच्या दिशेने जोरात असते, औषधं तिला आवरायची असतात. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती, वाद झाला. ल्युपसच्या माझ्या रुग्णांना मी वाद मिटायची वाट बघायला सांगत नाही, गुळवेल घेऊ नका म्हणते. सांधे झटपट बरे करणाऱ्या निनावी पुड्यांबद्दलही तेच. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, आणि किती ते कोणालाच माहीत नसतं.

उन्हाचाही असाच घोटाळा होतो. ‘रोज ऊन घ्या, ड जीवनसत्त्व वाढेल’ हा सल्ला सोसायटीच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. ल्युपसच्या बाईने ऊन टाळायचं असतं. ड जीवनसत्त्व तिला गोळीतून मिळेल. छत्री, पूर्ण बाह्यांचा कुर्ता, 50 एसपीएफचं सनस्क्रीन, आणि ढगाळ दिवशीही, कारण अतिनील किरणं ढगांतून येतात.

निदान झालेल्यांच्या घरच्यांसाठी वेगळं बोलणं ठेवा, छोटं, खोलीत बसून. औषधाबद्दलची भीती तिथे निघते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसची पायाभूत गोळी. आजार पुन्हा उसळू नये यासाठी ती वर्षानुवर्षं घ्यायची असते. डोळे जातात अशी तिची ख्याती आहे. वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी 5 मिलिग्रॅमच्या आत डोस ठेवला तर पहिल्या दहा वर्षांत पडद्यावर परिणाम होण्याचा धोका दोन टक्क्यांहून कमी असतो. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासले की तो वेळेत पकडताही येतो. किडनी अधू असेल तर तपासणी आधीपासून. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनावर हीच गोळी चालते म्हणून एकच झुंबड उडाली, निरोगी लोकांनी घरात साठे केले, सरकारने निर्यात थांबवली आणि विक्रीवर कडक बंधनं घातली. त्या दिवसांत ल्युपसच्या बायका एका केमिस्टकडून दुसऱ्याकडे फिरत होत्या. ल्युपसची जागृती किती तोकडी आहे हे मला तेव्हा सर्वात ठळकपणे दिसलं: बातम्यांत रोज गोळीचं नाव होतं, ती कोणाची गोळी आहे हे क्वचितच कोणी सांगत होतं.

स्टेरॉइडचं म्हणाल तर एकच ताकीद: तोंड सुजतंय, वजन वाढतंय म्हणून गोळी एका दिवसात बंद करायची नाही. दीर्घकाळ घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. अचानक तोडलं तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं. कमी करायची ती डॉक्टरांच्या हिशेबाने, टप्प्याटप्प्याने.

लग्न आणि मूल हे विषय तुम्ही काढले नाहीत तरी कोणी तरी काढणारच. ल्युपस असलेल्या बाईला मूल होऊ शकतं. आजार किमान सहा महिने शांत असावा, आणि ठरवून, डॉक्टरांना सांगून पुढे जावं, कारण मायकोफेनोलेटसारखी काही औषधं गर्भाला घातक असल्याने किमान सहा आठवडे आधी बदलावी लागतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायची असते, आणि नेमकी तीच सासरच्या माणसांनी ‘बाळाला नको’ म्हणून बंद केलेली मी पाहिली आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला ‘पायगुण’ वगैरे ऐकवण्यापेक्षा तिची अँटिफॉस्फोलिपिड, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या करणारी, प्रतिपिंडं तपासावीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी तिचं बाळंतपण नीट होऊ शकतं. लग्न ठरवताना आजार लपवावा का, असं मला मुलींच्या आया विचारतात. मी लपवू नका म्हणते. लपवलेली मुलगी लग्नानंतर चोरून गोळ्या घेते, मग चुकवते, आणि वर्षाच्या आत पुन्हा माझ्यासमोर पाय सुजवून बसते.

थकव्याबद्दल दोन वाक्यं जरूर घ्या. कल्याणहून उभ्याने येणाऱ्या मुलीचा ल्युपसचा थकवा झोपून जात नाही, आणि बाहेरून ती अगदी ठणठणीत दिसते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना आणि गर्भवतींना मुभा आहे. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार नोंदवलेले आहेत, थॅलेसेमिया आणि सिकलसेल त्यांत आहेत, ल्युपस नाही. तुमच्या खासदारांकडे निवेदन द्यायचंच असेल तर विषय हा घ्या.

राहिली तारीख. 10 मेला शाळांना सुट्टी, निम्मं गिरणगाव कोकणात, उरलेलं उकाड्याने हैराण. फेरीला कोण येणार? संक्रांत ते रथसप्तमी तुमच्याच चाळींत हळदीकुंकू असतं. ज्या वयाच्या बायकांपर्यंत पोचायचं त्या आपणहून येतात. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी छोटं सनस्क्रीन आणि सोबत एक कार्ड द्या. मात्र हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलावत नाहीत आणि लग्न न झालेल्या मुली येत नाहीत. पहिली गोष्ट मंडळाने बदलावी असं माझं मत आहे, तुम्ही काय करायचं ते बघा. मुलींसाठी जवळच्या कॉलेजातल्या एनएसएसच्या मुलांना हाताशी धरा. जांभळ्या रंगाची हौस असेल तर नवरात्रात करा. नवरंगांत बहुतेक वर्षी जांभळा असतोच, त्या दिवशी महिलांचा डबाच्या डबा जांभळा होतो, टी-शर्टचा खर्च वाचतो. डब्यात कार्डं वाटायला दोन मुली पुरतात.

कार्डावर पाचच ओळी: सहा आठवडे सांधे दुखणं, उन्हाने गालावर पुरळ, वारंवार तोंड येणं, कारण न सापडणारा ताप, लघवीला फेस. यांतली दोन असतील तर सीबीसी आणि लघवी तपासा. मागे जवळच्या रुग्णालयांच्या संधिवात ओपीडीचे वार आणि केसपेपरची वेळ छापा. वार बदलतात, म्हणून छापण्याच्या आदल्या आठवड्यात कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवून खात्री करून घ्या. मजकूर छापखान्यात देण्याआधी तुमच्यातल्या दोघी-तिघी आज्यांना मोठ्याने वाचायला लावा, आणि त्या जिथे अडखळतील तो शब्द बदला.